बीटच्या बैठकीत शिकवायचं कधी आणि काय?

सातारा जिल्ह्यातल्या एका नव्या पर्यवेक्षिकाताईंनी विचारलंय. त्यांच्या बीटमध्ये, म्हणजे त्यांच्या देखरेखीखालच्या गटात, पंचवीसेक अंगणवाड्या, निम्म्या पाटणच्या डोंगरात. 'पोषण भी पढाई भी' या केंद्राच्या कार्यक्रमाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण सगळ्या सेविकांचं झालं, पुस्तिका हातात आल्या, गटाचा फोटोही निघाला. महिन्याभरानं त्या भेटीला गेल्या, तर मुलं भिंतीकडेनं ओळीत बसलेली आणि "अ अननसाचा" चाललेलं. मासिक बैठक माहिती गोळा करण्यातच संपते. शिकवायचं म्हटलं की सेविका म्हणतात, "मॅडम, हे सगळं आम्हाला येतंय." तर सेवेत असलेल्या बायकांना शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असा त्यांचा प्रश्न.

मी सांगली जिल्ह्यात पर्यवेक्षिका होते, पुढे दोन्ही जिल्ह्यांत सेविकांच्या प्रशिक्षणाचं काम केलं. त्यावरून सांगते.

सेविकांचं म्हणणं खोटं नाही. खेळातून शिक्षण म्हणजे काय, असं कागदावर विचारलं तर त्या तुमच्यामाझ्यापेक्षा नीट उत्तर लिहितील. अडतं ते दुसरीकडे. खोलीत अठरा मुलं, त्यातलं तीन वर्षांचं एक रडतंय, साडेपाच वर्षांचे दोघे कंटाळून एकमेकांना ढकलतायत, दारात टीएचआर (घरी न्यायचा आहार) न्यायला आलेली गरोदर बाई उभी आहे आणि त्यासाठी फोनवर करायची तिची चेहरा पडताळणी अडकलीय. अशा वेळी माणूस सवयीवर जातो. आणि आपल्या सगळ्यांचीच सवय म्हणजे आपण स्वतः शाळेत जसे बसलो तशी मुलं बसवणं. तीन दिवस हॉलमध्ये बसून ती मोडत नाही. तेवढी अपेक्षाच धरू नये.

जॉइस आणि शॉवर्स या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी 1980 च्या दशकात शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल हेच मांडलं होतं. ऐकलं, कुणीतरी करून दाखवलं, हॉलमध्ये स्वतः करून पाहिलं, इथपर्यंत येऊनही बहुतेकांच्या वर्गात फारसं उतरत नाही. नंतर वर्गात येऊन कुणी सोबत केली, तर उतरतं. आपल्याकडच्या व्यवस्थेत ही सोबत करणारं माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे तुम्ही. मास्टर ट्रेनर तीन दिवसांनी निघून जातात. फलटणच्या डाएटमधून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून) कुणी येईल ते वर्षाकाठी एखादवेळा. तेव्हा प्रशिक्षण झालं, आता अंमलबजावणी तपासायची, असं समजू नका. झाली ती ओळख. शिकवणं अजून सुरू व्हायचंय.

मात्र त्याआधी वेळेचा हिशेब. तमिळनाडूत 640 अंगणवाड्यांमध्ये एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात काही केंद्रांना पूर्वशालेय शिक्षणासाठी अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती दिली. शिक्षणाला मिळणारा वेळ जवळपास दुप्पट झाला आणि मुलांच्या भाषेत, गणितात सुधारणा दिसली. आपल्याला जादा बाई कुणी देणार नाही, पण त्यातून घ्यायचं ते घ्यावं: शिकवायला वेळच नसेल तर कितीही प्रशिक्षण द्या, ते ठेवायला जागा नाही. आहार, लसीकरण, पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवांचं ओझं एका बाईच्या डोक्यावर आहे. म्हणून पहिल्या महिन्यात शिकवण्याची कुठलीच पद्धत सांगू नका. प्रत्येक सेविकेबरोबर बसून एवढंच ठरवा की रोजचा कुठला एक तास मुलांचा. त्या तासात टीएचआर वाटायचा नाही, रजिस्टर काढायचं नाही, फोन पिशवीत. गावातल्या बायकांना वाटपाची वेळ बदलून कळवायची. आणि हे फक्त सेविकेला पाळायला सांगून भागत नाही, तुम्हीही पाळायचं. अकरा वाजता ग्रुपवर "ताबडतोब माहिती पाठवा" असा मेसेज तुम्हीच टाकलात, तर तो तास तुम्हीच मोडला. वरून तसा मेसेज आला तरी तो दुपारपर्यंत दाबून ठेवता येतो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

आता बैठक. बैठकीचा क्रम उलटा करा. शिकण्याचा भाग आधी, माहिती नंतर. शेवटी ठेवलेलं प्रशिक्षण एसटीच्या वेळेत वाहून जातं, कारण ढेबेवाडी खोऱ्यातल्या किंवा कोयनेच्या वरच्या अंगाच्या बाईला चारची गाडी चुकवून चालत नाही. सुरुवातीची पाऊण तास ते तास पुरे. जागाही बदला. पंचायत समितीच्या सभागृहाऐवजी बीटमधल्याच एखाद्या अंगणवाडीत बैठक घ्या, मुलं असताना. पंचवीस बायका एका खोलीत मावणार नाहीत, म्हणून दोन गट करा. दोन वेळा बैठक घ्यावी लागते, हे खरं. पण मुलांसमोर पाहिलेलं अर्ध्या तासाचं काम हॉलमधल्या दिवसभराच्या पीपीटीला भारी पडतं.

महिन्याला विषय एकच. हे मी ठासून सांगते, कारण नव्या पर्यवेक्षिकेला सगळंच एकदम सुधारायचं असतं. 'आधारशिला' या केंद्राच्या पूर्वशालेय अभ्यासक्रमात 48 आठवड्यांचं नियोजन आहे, शंभरावर कृती आहेत, शिवाय आपल्या राज्याचा 'आकार' हा अभ्यासक्रम बायकांच्या हातात आधीपासून आहेच. सेविकेला आणखी कृती नको आहेत. चालू कृती घेताना आपण काय बोलतो, कुठे बसतो, कधी गप्प राहतो, हे बदलायचं आहे. त्यासाठी एक कृती घेऊन ती महिनाभर घोळवावी लागते.

उदाहरण म्हणून आषाढातला महिना घ्या. आपल्याकडे तेव्हा बेंदूर, बैलांचा सण, असतो (जतकडे कर्नाटकी बेंदूर त्याआधी ज्येष्ठातच होतो). घरोघरी मातीचे बैल होतात, पाऊस असतो, माती फुकट. मातीकाम हा त्या महिन्याचा विषय. बहुतेक अंगणवाड्यांत ते असं चालतं: सेविका स्वतः एक सुबक बैल करून दाखवते, मुलं तसा करायचा प्रयत्न करतात, जमत नाही, मग सेविका आणि मदतनीस मिळून सगळ्यांचे बैल करून देतात आणि ओळीत मांडून फोटो काढतात. फोटो छान येतो. मुलांच्या बोटांना आणि डोक्याला त्यातून काही मिळालेलं नसतं.

बैठकीत काय करायचं? आधी सेविकांच्याच हातात माती द्या. पहिल्यांदा सांगा, "माझ्यासारखाच बैल करा." दहा मिनिटांनी ते मोडायला लावा आणि सांगा, "आता तुम्हाला हवं ते करा." दोन्ही वेळा खोलीत बोलणं किती झालं, कोण हसलं, कोण शेजारणीचं बघत बसलं, ते त्यांनाच विचारा. बायका आपणहून सांगतात की पहिल्या वेळी भीती वाटत होती. तिथे व्याख्यान द्यायचा मोह आवरा. मग मुलांकडे जायचं. एक सेविका पाच-सहा मुलांना माती देते, बाकीच्या कडेनं बसून एकच गोष्ट टिपतात: सेविकेनं विचारलेला प्रत्येक प्रश्न, जसाच्या तसा. नंतर ते वाचून काढायचे. "हे काय आहे?" "कुठला रंग?" "झालं का?" असे प्रश्न बरेच निघतात, ज्यांचं उत्तर एका शब्दात संपतं. "हे कसं केलंस?" "बैलाला उठायचं असेल तर काय करायचं?" असे थोडे. यादी समोर आली की कुणाला काही सांगावं लागत नाही. त्या महिन्याचा गृहपाठ एवढाच: रोज एका मुलाला एक असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, आणि मुलाचं उत्तर तारीख घालून वहीत लिहायचं. एक ओळ. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपली आवडती ओळ वाचायची.

माझ्या अनुभवात या ओळींनी जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही पुस्तिकेनं केलं नाही. कवठेमहांकाळकडच्या एका सेविकेनं वाचलेली ओळ मला आठवते: "हा बैल बसलाय कारण त्याचा मालक दवाखान्यात आहे." आख्खी खोली गप्प झाली. मग तिनंच सांगितलं की त्या मुलाचे वडील मिरजेला ॲडमिट होते आणि आठवडाभर ते मूल बोललंच नव्हतं. निरीक्षण नोंद कशासाठी, हे त्या दिवशी मला कुणाला समजावावं लागलं नाही.

मोठ्या कामाचा भाग आहे भेटीचा, आणि तिथेच आपल्या खात्याची सवय आडवी येते. पर्यवेक्षिकेची गाडी थांबली की सेविका रजिस्टरं काढते. मुलं "एक साथ नमस्ते" म्हणतात. गाणं म्हणून दाखवतात. तुम्ही आलात म्हणून जे झालं तेच तुम्ही पाहून जाता. म्हणून भेटींचे दोन प्रकार वेगळे करा आणि तसं आधीच सांगून टाका. एक तपासणीची भेट, त्यात रजिस्टर, साठा, वजनं. दुसरी शिकण्याची भेट, त्यात कागदाला हात लावायचा नाही. एकाच दिवशी दोन्ही करू नका, कारण साठ्यात तफावत सापडली की नंतर मातीकामाबद्दल बोलण्यात अर्थ उरत नाही.

शिकण्याच्या भेटीत चप्पल काढून मुलांच्या उंचीला बसा, कोपऱ्यात. अर्धा तास काहीही सुचवायचं नाही. एका मुलावर नजर ठेवा, शक्यतो जे मूल कुणाच्या नजरेत येत नाही त्याच्यावर. मुलं घरी गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, आणि बोलण्याची सुरुवात त्या मुलापासून.

"ताई, तो खिडकीपाशी बसलेला निळ्या शर्टाचा, मघाशी बाटल्यांच्या टोपणांचं काय करत होता?"

"खेळत होता नुसता."

"मला वाटलं तो काहीतरी लावत होता."

"हां, लाल एकीकडं, पांढरी एकीकडं. मग परत सगळी एकत्र करायचा."

"का करत असेल?"

"काय की... मोठी-बारकी बघत असेल. उद्या विचारते त्याला."

हे एवढंच. सेविकेनं "उद्या विचारते" म्हटलं की तुमचं काम झालं. यात वर्गीकरण आलं, संख्यापूर्व तयारी आली, पण ते शब्द नंतर कधीतरी वापरले तरी चालतात. "तुम्ही असं करायला हवं होतं" या वाक्यानं सुरुवात केलीत तर पुढच्या भेटीला तुम्हाला पुन्हा "एक साथ नमस्ते" ऐकावं लागेल. चूक दिसली तर सांगायची नाही का? मुलाला मारणं, चिमटा, कोंडणं, जातीवरून बोलणं, अस्वच्छ अन्न, असं काही असेल तर तिथल्या तिथे आणि स्पष्ट. बाकीचं थांबू शकतं.

फोनचा व्हिडिओ फार उपयोगी पडतो, फक्त तो कुणाचा आणि कशासाठी हे नीट ठरवा. मदतनिसानं सेविकेच्या गोष्टीचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, सेविकेनं एकटीनं पाहायचा, वाटलं तर तुम्हाला दाखवायचा. ग्रुपवर टाकायचा नाही. मुलांचे चेहरे ग्रुपवर फिरवणं मुळातच बंद करा, आणि पालकांना न विचारता शूटिंग नको. स्वतःचा व्हिडिओ पाहून बायका जे शिकतात ते सांगून येत नाही. बहुतेक जणी पहिल्यांदा एकच म्हणतात: "अगं बाई, मीच किती बोलते!"

मदतनिसांना विसरू नका. त्यांना बहुतेक प्रशिक्षणांतून वगळलेलं असतं, आणि सेविका गृहभेटीला किंवा लसीकरणाला गेली की मुलं त्यांच्याच ताब्यात असतात. शिवाय गोष्टी, ओव्या, उखाणे, सागरगोटे यांचं भांडार बऱ्याचदा त्यांच्याकडेच असतं. तीन ते सहा वर्षांची मुलं एका खोलीत असतात तेव्हा वेळापत्रकापेक्षा ही दोन माणसं कशी वाटून घेतात यावर सगळं अवलंबून असतं. मोठी पाच-सहा मुलं सेविकेकडे गोष्टीला, धाकटी मदतनिसाकडे मातीत किंवा पाण्यात, मग अदलाबदल. हे जमवायला दोघींना एकत्र बोलवावं लागतं. वर्षातून निदान तीन-चार बैठका दोघींच्या घ्या.

बीटमध्ये दोन पिढ्या असतात. अलीकडच्या भरतीत बारावीची अट आहे, त्यामुळे नव्या मुली शिकलेल्या, काही पदवीधर, ॲप चटकन शिकणाऱ्या. जुन्या ताई सातवी-दहावीच्या, पण त्यांच्यातल्या कित्येकींनी पूर्वीच्या प्रशिक्षण केंद्रांत 26 दिवस राहून पाया-प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि रडणारं मूल त्यांच्या मांडीवर दोन मिनिटांत गप्प होतं. या दोघींची जोडी लावा. जवळजवळच्या गावांतली, चालत जाता येईल अशी. महिन्यातून एकदा एकीनं दुसरीच्या अंगणवाडीत तासभर बसायचं. नवी जुनीला पोषण ट्रॅकर (नोंदींचं ॲप) शिकवते, जुनी नवीला जूनमधली रडारड कशी हाताळायची ते. तुमचा निम्मा भार या जोड्या उचलतात. माण-खटावसारख्या तालुक्यात वाड्या लांब लांब, तिथे जोडी जमवताना भूगोल बघा, नाहीतर ते कागदावरच राहतं.

"साहित्य नाही" ही तक्रार तुमच्याकडे येणारच. ती पूर्ण खोटी नसते, साहित्याच्या पेट्या उशिरा येतात आणि आल्या की मोडू नयेत म्हणून कपाटात बंद होतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत 1945 पासून जे काम उभं केलं, त्याचा गाभाच हा होता की माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, तेव्हा शिंपले, पानं, खडे, बिया यांतून तेच काम साधायचं. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथलीच. आपल्याकडे चिंचोके, टोपणं, नारळाच्या करवंट्या, मक्याची बिट्टं, काय वाटेल ते मिळतं. एक काळजी घ्या: शेंगदाणे, हरभरे, मणी, चिंचोके यांसारख्या बारीक वस्तू तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांपुढे मोकळ्या ठेवायच्या नाहीत. नाकात, घशात जातात. बैठकीत साहित्य करायला बसाल तेव्हा हे आधी सांगा. आणि साहित्य तयार करण्याची स्पर्धा, प्रदर्शन, हे प्रकार कृपा करून कमी करा. थर्माकोलचे सुंदर तक्ते होतात आणि मुलांचा हात त्यांना कधी लागत नाही.

आता पालक. "खाजगी बालवाडीतलं पोर शंभरपर्यंत आकडे म्हणतं, आमचं नुसतं मातीत खेळतं." सेविका ओळीत बसवून "अ अननसाचा" घेते, त्यात या दबावाचा वाटा मोठा आहे. म्हणून तिला एकटीला दोष देऊन चालणार नाही. पालकांना भाषण पटत नाही. त्यांना अंगणवाडीत बोलवा आणि मुलांचं काम त्यांच्यासमोर होऊ द्या: गोष्ट ऐकून पुढे काय होईल ते सांगणं, "कमळ, कणीस, काकडी" यांत सुरुवातीचा आवाज ओळखणं, सहा वाट्यांना सहा चमचे लावणं. मग सेविकेनं सांगायचं की वाचन-गणिताची सुरुवात ही आहे, आणि पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकद मातीतून, कागद फाडण्यातून, मणी ओवण्यातून येते. पहिलीच्या गुरुजींनाही त्या दिवशी बोलवा. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानलाय, पण एकाच आवारातली अंगणवाडी आणि जिल्हा परिषद शाळा वर्षभर एकमेकींकडे बघत नाहीत. केंद्रप्रमुखांशी बोलून शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शाळांच्या बैठकीत) दोन सेविकांना बसवता आलं तर बसवा.

भाषेचा प्रश्न तुमच्या बीटमध्ये कदाचित नसेल, पण वाचणाऱ्यांत जतच्या कुणी असतील म्हणून लिहिते. तालुक्याच्या पूर्व भागात घरात कानडी. सेविकेला दोन्ही भाषा येतात, पण साहेब आले की ती मुद्दाम मराठीत बोलते आणि मुलं मुकी होतात. तिला तुम्ही स्पष्ट सांगायला हवं की गोष्ट आधी कानडीत सांग, मुलांना कानडीत उत्तर देऊ दे, मराठी शब्द हळूहळू सोबत येऊ देत. 'आधारशिला'त पहिले 4 आठवडे मुलं रुळण्यासाठीच ठेवलेत. घरची भाषा त्या रुळण्यातली पहिली गोष्ट. दिवाळीनंतर ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांची मुलं कराड-वाळव्याकडच्या अंगणवाड्यांत येतात तेव्हाही हेच. मराठवाड्यातली मुलं मराठीच बोलतात, पण शब्द वेगळे, आणि त्यांच्यावर इतर मुलं हसली तर सेविका काय करते, हे बघण्यासारखं असतं. ऑक्टोबरच्या बैठकीचा विषय हाच ठेवा.

मोजायचं काय? वरच्यांना प्रशिक्षित सेविकांची संख्या हवी असते, ती देऊन टाका. स्वतःसाठी तीनच गोष्टी बघा: भेटीच्या अर्ध्या तासात मुलं किती वेळ बोलली, किती मुलांच्या हातात काहीतरी होतं, आणि सेविका किती वेळ जमिनीवर बसलेली होती. दर तीन महिन्यांनी त्याच अंगणवाडीत पुन्हा बघा. फॉर्म बनवू नका. फॉर्म बनवला की तो भरायची घाई होते.

पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या पंचवीस अंगणवाड्यांत शिकण्याच्या भेटी जमणार नाहीत, ते मान्यच करा. सहा-सात निवडा. ज्या सेविकांशी तुमचं जमतं आणि ज्यांच्या गावाला गाड्या आहेत, तिथून सुरुवात करा. सगळ्यात नाखूष असलेल्या ताईंकडे चौथ्या महिन्यात जा, तोवर शेजारच्या गावात काय चाललंय ते त्यांच्या कानावर गेलेलं असतं, आणि बऱ्याचदा त्याच विचारतात, "मॅडम, आमच्याकडं कधी येताय?"